सुमोची थोरली बहीण

टाटांच्या टेल्को कंपनीनं १९९२ साली ‘टाटा इस्टेट’ बाजारात आणली, तेव्हा मराठवाड्यात डिझेलवर चालणारी घरची गाडी म्हणजे बहुधा जीप, नाहीतर डिझेल ॲम्बॅसडर. इस्टेट या दोघींहून निराळी होती. लांब, बसकी, मागं सामानासाठी काचबंद ऐसपैस जागा, पॉवर स्टिअरिंग, बटणावर वरखाली होणाऱ्या काचा, पाच गिअर. मर्सिडीजच्या त्या काळातल्या स्टेशन वॅगनची छाप तिच्यावर स्पष्ट दिसते. एवढं सगळं असूनही ती फार खपली नाही आणि २००० च्या सुमारास तिचं उत्पादन बंद झालं. कमी खपलेली, बंद पडून पाव शतक लोटलेली गाडी आज नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी हौसेनं चालती ठेवता यावी, हे वरवर पाहता अशक्य वाटतं. पण ते शक्य आहे, आणि त्याचं कारण इस्टेटमध्ये नाही, तिच्या गोतावळ्यात आहे.

इस्टेट एकटी जन्माला आली नाही. टेल्कोनं १९८८ मध्ये ‘टाटा मोबाइल’ हा पिकअप आणला. त्याच्याच चौकटीवर आणि इंजिनावर १९९१ ची सिएरा उभी राहिली, १९९२ ची इस्टेट उभी राहिली आणि १९९४ मध्ये सुमो आली. सुमो हे नाव टेल्को घडवणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नावाआडनावाच्या पहिल्या अक्षरांवरून ठेवलेलं. ती मराठवाड्यानं अशी काही आपलीशी केली की लग्नाचं वऱ्हाड, निवडणुकीचा प्रचार, दवाखाना, तुळजापूरची वारी, सगळं तिच्यातून होऊ लागलं. सुमो आणि इस्टेट यांचं इंजिन एक. म्हणजे इस्टेट ही सुमोची थोरली बहीण. धाकटीनं गावोगाव कष्ट केले, म्हणून थोरलीच्या औषधपाण्याची सोय आजही तालुक्याच्या गावी होते.

त्या इंजिनाचं नाव ४८३. चार सिलिंडर आणि ८३ मिलिमीटरचा बोअर, म्हणून ४८३. पिस्टनचा स्ट्रोक ९० मिलिमीटर. हे आकडे गुणून पाहिले की १,९४८ घनसेंटिमीटर ही तिच्या कागदावरची क्षमता बरोबर मिळते. ताकद सुमारे ६८ अश्वशक्ती. आजच्या लहान पेट्रोल गाडीतही यापेक्षा जास्त असते. पण या इंजिनाला टर्बो नाही, संगणक नाही, सेन्सरचं जाळं नाही. इंजिन एकदा सुरू झालं की त्याला चालत राहण्यासाठी विजेची जवळजवळ गरजच नसते. पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडला बारा व्होल्टची एक वायर पोचली की झालं. ती वायर निसटली तर मात्र चांगली गाडी रस्त्यात मुकाट उभी राहते, म्हणून रस्त्यात बंद पडलेल्या गाडीची तपासणी मी तिथूनच सुरू करायला सांगेन.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डिझेलनं १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथं जे इंजिन चालवून दाखवलं त्याचं तत्त्व आजही तेच आहे. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच इंधन पेटेल इतक्या तापमानाला जाते, आणि त्या तापलेल्या हवेत इंधन फवारायचं. ४८३ च्या पिढीच्या इंजिनांत हा फवारा थेट पिस्टनवर पडत नाही. सिलिंडर हेडमध्ये एक लहानशी खोली असते, तिथं इंधन आधी पेट घेतं आणि पेटता झोत पिस्टनवर येतो. यामुळे इंजिन थोडं मऊ चालतं, पण त्या खोलीच्या भिंती हवेची उष्णता शोषून घेतात. म्हणून थंड इंजिनाला हीटर प्लगची मदत लागते. डिसेंबर-जानेवारीत लातूरची पहाट दहा-बारा अंशांवर येते, आणि एक हीटर प्लग मेला असला तर नेमकं तेव्हा कळतं. सेल्फ मारल्यावर इंजिन तीन सिलिंडरवर थरथरत उठतं, मागून पांढरा धूर येतो आणि मिनिटभरानं सगळं सुरळीत होतं. प्लग तपासायला गॅरेजची गरज नाही. प्लगांना जोडणारी पट्टी सोडवावी, टेस्ट लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं एकेका प्लगच्या डोक्याला लावावं. दिवा लागला तर प्लग जिवंत. न लागणारा बदलायचा.

आता मराठवाड्यातल्या डिझेलच्या ज्ञानाबद्दल, कारण सुटे भाग मिळणं ही अर्धीच गोष्ट आहे. ते बसवणारा हात लागतो. इथल्या हातांना डिझेल मोटारीच्याही आधी विहिरीवर भेटलं. किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची स्थापना पुण्यात १९४६ ची. त्यांची आणि इतरांची पाणी उपसणारी इंजिनं वीज पोचण्याआधी गावोगाव विहिरींच्या काठावर बसली. नोझल काढणं, हवा काढणं, टॅपेट लावणं, रिंगा बसवणं ही कामं शेतकऱ्यांच्या घरात पोचली ती तिथून. नंतर ट्रॅक्टर आले. मग अकुर्डीच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली. तिच्यातलं २.४ लिटरचं इंजिन डेमलर-बेंझच्या परवान्यानं बनवलेलं, म्हणजे जर्मनीत मर्सिडीज टॅक्सीला जे इंजिन होतं त्याच घराण्यातलं. काळीपिवळी ट्रॅक्समध्ये दारापर्यंत कोंबून बसलेल्या प्रवाशांना हे कुणी सांगितलं नसेल, पण ते इंजिन उघडणाऱ्या फिटरला त्याची घडण बारकाईनं ठाऊक झाली. नांदेडच्या गॅरेजांत आजही उस्ताद आणि त्याच्या हाताखाली शिकणारी पोरं अशी रीत आहे. साठीच्या पुढच्या उस्तादानं ही सगळी वंशावळ हातानं सोडवलेली आणि जोडलेली असते.

या साऱ्या विद्येचं शिखर म्हणजे पंपवाला. साधा गॅरेजवाला डिझेल पंप उघडत नाही, आणि ते योग्यच आहे. पंपाचा प्लंजर आणि त्याची नळी यांच्यात फट असते दोन-तीन मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. अशा फटीच्या भरवशावर ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या मापाचं डिझेल शंभराहून जास्त बारच्या दाबानं प्रत्येक नोझलकडे जायचं असतं. भारतात या पंपांचं आणि नोझलचं मोठं नाव म्हणजे मायको. १९५१ मध्ये बंगळूरला सुरू झालेली ही कंपनी २००८ पासून बॉश या नावानं ओळखली जाते. तिचा नाशिकचा कारखाना नोझलांसाठी प्रसिद्ध, आणि नाशिकमध्ये मायको सर्कल हे नाव अजून लोकांच्या तोंडी आहे. पंपवाला पंप टेस्ट बेंचवर चढवतो, ठरावीक फेऱ्यांना प्रत्येक सिलिंडरकडे किती घनमिलिमीटर डिझेल गेलं ते काचेच्या नळ्यांत मोजतो आणि तक्त्याशी जुळवतो. चारही नळ्यांतली पातळी एका रेषेत आली की काम झालं. नोझल तपासताना तो हाताच्या पंपानं दाब देतो. चांगली नोझल करकरत बारीक धुकं सोडते. वाईट नोझल थेंब गाळते.

हे पंपवाले टिकतील का, हा या छंदातला सर्वात मोठा प्रश्न आहे. नव्या मोटारींत कॉमन रेल आली. तिथला दाब दीड हजार बारच्या पलीकडे आणि माप ठरवणारा संगणक. तिचे बेंच वेगळे, शिक्षण वेगळं. मोठ्या शहरांत जुने बेंच कोपऱ्यात गेले. पण नांदेड-लातूरकडे ट्रॅक्टर आहेत. ट्रॅक्टरांचे नवे प्रदूषण नियम १ जानेवारी २०२३ पासून लागू झाले ते ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरांना. त्याखालचे, म्हणजे आपल्याकडे बहुसंख्य शेतकरी घेतात ते, यांत्रिक पंपावरच राहिले. वापरात असलेले जुने ट्रॅक्टर तर आहेतच. सोयाबीन-तुरीच्या आणि उसाच्या या पट्ट्यात पेरणीच्या आधी पंपवाल्याच्या दुकानी रांग लागते ती ट्रॅक्टरवाल्यांची, आणि त्यांच्या जिवावर पंपवाल्याचा बेंच चालू राहतो. हौशी मोटारमालकानं या रांगेचा आदर करावा. जूनच्या तोंडावर आपला पंप घेऊन जाऊ नये. दिवाळीनंतर जावं, मग उस्ताद निवांत असतो आणि दाखवत दाखवत काम करतो.

पंप उघडलाच तर आतली रबरी सीलं व्हायटॉनची बसवून घ्यावीत. यामागं इंधनाचा इतिहास आहे. इस्टेट जन्मली तेव्हाच्या डिझेलमध्ये गंधकाचं प्रमाण एक टक्क्यापर्यंत चालायचं, म्हणजे दहा लाखांत दहा हजार भाग. १ एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-६ डिझेलमध्ये ते दहा लाखांत फक्त दहा भाग आहे. आपल्या फुप्फुसांसाठी ही मोठी कमाई आहे. मात्र गंधक काढताना डिझेलमधले काही घटकही कमी होतात. जुन्या काळची नायट्राइल रबराची सीलं त्या घटकांनी फुगून फट धरून ठेवत. नव्या डिझेलमध्ये ती आक्रसतात आणि पंप पाझरायला लागतो. वीस वर्षं कोरडा असलेला पंप अचानक ओला दिसू लागला तर घाबरून नवा पंप शोधू नये. बहुधा सीलांचा संच पुरतो.

दुसरी भीती वंगणाची. रोटरी पंपाच्या आत इंजिन ऑइल नसतं, त्याचं वंगण म्हणजे डिझेलच. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा बुळबुळीतपणा कमी होतो, म्हणून बरेच जण टाकीत टू-टी ऑइल ओततात. माझ्या मते निरोगी पंपाला त्याची गरज नाही. रिफायनरीत डिझेलमध्ये वंगणासाठी पूरक द्रव्य मिसळलेलं असतं आणि भारतीय मानकात त्याची चाचणीही ठरलेली आहे. ठरावीक घर्षणानंतर झिजेचा डाग ४६० मायक्रॉनच्या वर जाता कामा नये. पंप मरतो तो भेसळीनं आणि पाण्यानं. रॉकेल पातळ असतं, ते प्लंजरला आधार देत नाही. पाणी तर गंजच आणतं. खप चांगला असलेल्या पेट्रोल पंपावरून डिझेल घेणं, पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवणं म्हणजे आत हवेतली वाफ साचणार नाही, आणि फिल्टरखालच्या भांड्यातलं पाणी दर काही दिवसांनी सोडणं, एवढं केलं तर बाटलीतल्या औषधांवर खर्च करावा लागत नाही.

सकाळी गाडी लवकर उठत नाही आणि दिवसभर नीट चालते, अशी तक्रार असेल तर पंपाकडे जाण्याआधी रबरी नळ्या पाहाव्यात. डिझेलच्या परतीच्या बारीक नळ्या इथल्या उन्हानं तडकतात. डिझेल बाहेर गळत नाही, पण रात्रभरात हवा आत शिरते. यावर साधी युक्ती अशी की पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी तात्पुरती बसवायची. बुडबुडे डोळ्यांना दिसतात. मग सांधा सापडेपर्यंत मागं मागं जायचं. हवा काढताना हँड प्रायमर दाबत ब्लीडिंगचा स्क्रू सैल करावा आणि फेसाऐवजी सलग डिझेल आलं की आवळावा.

एखादा सिलिंडर काम करत नसेल तर तो ओळखण्याची जुनी रीत आजही तितकीच खरी आहे. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोझलच्या नळीचा नट अर्धा फेरा सैल करायचा. चांगला सिलिंडर सैल केला की इंजिन लंगडतं. ज्याचा नट सैल करूनही आवाजात फरक पडत नाही तो दोषी. हे करताना डोळ्यांवर चष्मा हवा आणि हात सांध्यापासून दूर हवा. या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत जाऊ शकतं आणि ती जखम वरून दिसते त्यापेक्षा फार वाईट असते. तिला घरगुती उपचार नाही, सरळ सर्जन गाठायचा.

धुराचा रंग पुष्कळ सांगतो. काळा म्हणजे हवेपेक्षा इंधन जास्त. नांदेडच्या बाजूला एप्रिल-मे महिन्यांत कच्च्या रस्त्यानं चार फेऱ्या केल्या तरी एअर फिल्टर धुळीनं गच्च होतो, त्यामुळे काळ्या धुराची पहिली तपासणी फिल्टरची. नोझल आणि पंप त्यानंतर. निळा म्हणजे ऑइल जळतंय. आणि तापलेल्या इंजिनातून सतत पांढरा धूर, सोबत रेडिएटरचं पाणी कमी होणं, ही हेड गॅस्केटची खूण.

तिथून आपण पाण्यावर येतो, आणि लातूरमध्ये पाण्याचा विषय निघाला की माणूस गंभीर होतोच. एप्रिल २०१६ मध्ये या शहरासाठी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. खोल बोअरचं पाणी हे इथलं वास्तव आहे आणि ते जड असतं. तेच वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये ओतलं गेलं की ब्लॉकच्या आत, विशेषतः मागच्या सिलिंडरभोवती, क्षारांचा थर चढतो. थर्मामीटरचा काटा मधोमध दिसतो आणि हेड आतून तापत असतं. नांदेडात मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो. तेव्हा गाडीपाशी उरलेली सवलत थोडी असते. म्हणून जुनी गाडी घरी आणल्यावर पहिला खर्च रंगावर न करता थंड ठेवणाऱ्या यंत्रणेवर करावा. रेडिएटर उतरवून रेडिएटरवाल्याकडे द्यावा. पितळी रेडिएटर असेल तर तो टाक्या सोडवून नळ्यांतून सळई फिरवतो. ब्लॉक धुऊन घ्यावा, झाकण आणि होस नवे घ्यावेत, आणि नंतर डिस्टिल्ड वॉटर व कूलंट यांशिवाय काही आत जाऊ देऊ नये. बर्फाची भीती नसली तरी कूलंट हवंच. ते गंज रोखतं आणि उकळबिंदू वाढवतं.

इथं एक स्थानिक रूढी मोडायला हवी. ‘आपल्याकडं ऊन लई, थर्मोस्टॅट काढून टाका’ हा सल्ला जवळजवळ प्रत्येक गॅरेजात मिळतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट काढला की इंजिन हिवाळ्यात आणि छोट्या फेऱ्यांत पुरेसं तापतच नाही, इंधन अर्धवट जळतं, काजळी ऑइलमध्ये उतरते आणि रिंगा झिजतात. या पद्धतीच्या डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं होतं, ते स्वाभाविक आहे. त्याच काजळीमुळे हौशी गाडीत किलोमीटरकडे न पाहता दर सहा महिन्यांनी १५डब्ल्यू-४० ऑइल आणि फिल्टर बदलणं परवडतं.

पत्र्याच्या बाबतीत मराठवाडा उदार आहे. कोकणात खारी हवा आणि चार महिन्यांची संततधार जुन्या गाडीचा तळ खाऊन टाकतात. इथं कोरडी हवा असल्यानं पत्रा टिकतो. फक्त चाकांच्या कमानींत चिकटलेली काळी माती पावसाळा संपताच धुऊन काढावी, नाहीतर ती ओल धरून बसते. ऊन मात्र डॅशबोर्ड, दारांची रबरं आणि सीटकव्हर यांना सोडत नाही. आणि नेमक्या इथं धाकट्या बहिणीचा उपयोग होत नाही. इंजिनाचे, गिअरबॉक्सचे, क्लचचे, ब्रेकचे पुष्कळसे भाग सुमो आणि टाटा मोबाइलच्या साठ्यातून जुळवता येतात. पण इस्टेटच्या मागच्या बाजूच्या काचा, तिथली रबरं, दिवे, आतली प्लास्टिकची कडा हे फक्त तिचंच आहे आणि ते नव्यानं कुणी बनवत नाही. म्हणून गाडी घेताना मी इंजिनाच्या आवाजापेक्षा काचांकडे जास्त लक्ष देईन. थकलेलं इंजिन लेथवाला बोअर करून देतो, क्रँक ग्राइंड होतो, हेडला फेसिंग मारून मिळतं. फुटलेली मागची काच भंगारातून शोधायला वर्ष जाऊ शकतं. भंगारात पूर्ण इस्टेट दिसली तर इंजिन सोडून द्यावं आणि काचा, दिवे, दारांची कुलपं, खिडक्यांच्या मोटारी उचलाव्यात.

सुमोचा साठाही अमर नाही. काळीपिवळी म्हणून राबलेल्या जुन्या सुमो झपाट्यानं भंगारात जात आहेत. बोअर-पिस्टनचे संच, गॅस्केट, वॉटर पंप, क्लच प्लेट या वस्तू तालुक्याच्या दुकानांत जोवर फळीवर आहेत तोवर एकेक जादा घेऊन ठेवणं शहाणपणाचं आहे. रबरी वस्तूंचा साठा मात्र करू नये, त्या फळीवरही म्हाताऱ्या होतात.

गाडी उभी ठेवणं हा तिच्यावरचा सर्वात मोठा अन्याय. ब्रेकचे सिलिंडर गंजतात, बॅटरी बसते, टाकीतल्या पाण्याच्या थरात जिवाणू वाढून फिल्टरमध्ये चिकट गाळ येतो. दारात उभी करून दहा मिनिटं इंजिन फिरवल्यानं फायदा होत नाही, ते तापतच नाही. आठवड्याला वीसेक किलोमीटर रस्त्यावर न्यावी. आणि मोठ्या दुरुस्तीनंतरची खरी परीक्षा घ्यायची तर नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर करत लातूरला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ यासारखा रस्ता नाही. नांदेड गोदावरीकाठी, समुद्रसपाटीपासून चारशे मीटरच्या आत. लातूर बालाघाटाच्या पठारावर, सहाशेच्या वर. चढ डोळ्यांना जाणवत नाही, इंजिनाला जाणवतो. सत्तरच्या आसपासच्या वेगानं, एसी लावून, दुपारी ही वाट काट्याला धक्का न लागता पार पडली तर रेडिएटरचं काम चोख झालं असं समजावं. येताना उतार असल्यानं ब्रेक तपासून होतात.

कागदांचं काम कंटाळवाणं असलं तरी टाळता येत नाही. महाराष्ट्रात दहा वर्षांच्या डिझेल गाडीवर सरसकट बंदी नाही. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते, मग पर्यावरण कर भरून आणि गाडी दाखवून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करायचं. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,००० रुपये झालं. धुराच्या चाचणीत बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाडीला धुराच्या गडदपणाची ६५ एचएसयू ही मर्यादा आहे. नोझल साफ, फिल्टर नवा आणि इंजिन पूर्ण तापलेलं असेल तर ४८३ त्यात बसतं. थंड इंजिन घेऊन केंद्रावर जाऊ नये. विंटेजची वाट पाहण्यातही अर्थ नाही. २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी गाडीला पन्नास वर्षं पूर्ण व्हावी लागतात, म्हणजे पहिल्या इस्टेटला २०४२ उजाडेल, आणि तशी नोंदणी झालेली गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणता येत नाही.

एक गोष्ट मात्र हमखास राहून जाते. इस्टेटचं इंजिन दुरुस्तीपलीकडे गेलं म्हणून सुमोचं चांगलं इंजिन बसवलं, तर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाखाली ती नोंद परिवहन कार्यालयात करून घ्यावी लागते. इंजिन कुठून आलं त्याचं बिल आणि ज्या सुमोतून ते काढलं तिच्या नोंदणीपुस्तकाची प्रत, हे दोन्ही कागद इंजिन घेताना तिथल्या तिथे मागून घ्यावेत. भंगारवाल्याकडे महिन्याभरानं परत गेलं तर ते सापडत नाहीत, आणि ब्लॉकवरचा क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी जुळला नाही तर पुढचं नूतनीकरण तिथंच अडतं.